बायोटेकची डिग्री, १२ लाखांचं कर्ज आणि पहिला पगार

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही चाकणला मशीन ऑपरेटर आहात, वय २६, हातात महिन्याला ३२ हजार पडतात. आईवडील गावी, बार्शी तालुक्यात, तीन एकर शेती. धाकट्या बहिणीला बारावीला बायोलॉजी ग्रुपमध्ये ७८ टक्के पडले, नीटला नंबर लागला नाही. पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात बीएस्सी ऑनर्स बायोटेक्नॉलॉजीला सीट मिळते आहे, कोर्स चार वर्षांचा. फी, होस्टेल, मेस मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार, म्हणजे एकूण १४ लाख ४० हजार. त्यातले १२ लाख शैक्षणिक कर्ज, बाकीचं तुमची शिल्लक आणि आईच्या पाटल्या. दुसरीकडे घरापासून एसटीने अर्ध्या तासावरच्या अनुदानित कॉलेजात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी आहे, पण ‘तिथं शिकून काय होणार’ असं घरात सगळ्यांचं मत. तुमचा प्रश्न एवढाच: हे कर्ज फिटेल ना?

फिटेल. पण ते बहुतेक तुम्ही फेडाल, ती नाही. आणि ते फिटेपर्यंत ज्या पुढच्या शिक्षणाने तिचा पगार खरोखर वाढतो, ते शिक्षण तिला करता येणार नाही. असं का वाटतं ते सांगते.

मी २६ वर्षं औषध कंपन्यांच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते आहे. गेली बारा वर्षं आमच्याकडे येणाऱ्या फ्रेशर्सच्या मुलाखती मी घेते. मी बँकेतली नाही. कर्जाचं मला जे कळतं ते भाच्याच्या कर्जाला जामीन राहून आणि माझ्यासमोर मुलाखतीला बसलेल्या मुलांकडून कळलेलं आहे.

पगारापासून सुरुवात करू, कारण माहितीपत्रकात तोच सगळ्यात ठळक छापलेला असतो. तुम्ही लिहिलंय की विद्यापीठाच्या पत्रकात ‘साडेसहा लाखांपर्यंत पॅकेज’ आहे. त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द नीट वाचा. आमच्या पट्ट्यात, म्हणजे कुरकुंभ, वाळूज, अंबड, तारापूर, खाली गोव्यात वेर्णा, अशा औद्योगिक वसाहतींमध्ये बीएस्सी होऊन आलेल्या ट्रेनीला मी साधारण १५ ते १८ हजार मिळताना पाहते. एमएस्सीला २० ते २५. लस किंवा बायोसिमिलर (जैविक औषधांची जवळपास तंतोतंत प्रत) बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत थोडे जास्त, छोट्या फूड टेस्टिंग लॅबमध्ये याहून कमी. हे सगळे हातात येणारे नाहीत. पीएफ वगैरे कापून दीड-दोन हजार कमीच धरा.

आता बाहेर कुणी सांगत नाही ती गोष्ट. एचआरकडे ट्रेनीच्या पगाराचा जो तक्ता असतो त्यात आमच्या कामासाठी दोन ओळी आहेत: बीएस्सी आणि एमएस्सी. कॉलेजच्या नावाचा रकाना नाही. वर्षाला साडेतीन लाख भरून आलेली मुलगी आणि तालुक्याच्या कॉलेजातून एसटीच्या पासवर शिकून आलेली मुलगी एकाच दिवशी रुजू झाल्या, तर दोघींच्या हातात सारखाच पगार पडतो. पुढची वाढ कामावर. चार वर्षांची ऑनर्स केली म्हणून तक्त्यात तिसरी ओळ अजून तरी मी पाहिलेली नाही.

आता कर्ज. वर्षाला ३ लाखांप्रमाणे चार वर्षं बँक पैसे देणार. व्याज आपण साडेदहा टक्के धरू. मुलीच्या नावावर कर्ज असेल तर बऱ्याच सरकारी बँका अर्धा टक्का सूट देतात, ती वेगळी. तिने हप्त्यात सातेकशे रुपयांचा फरक पडेल. शिक्षण सुरू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. लोकांना वाटतं या काळात व्याजही थांबलेलं असतं. थांबत नाही. पहिल्या वर्षी घेतलेल्या ३ लाखांवर पाच वर्षं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन. सरळ व्याजाने हे ४ लाख ४१ हजार होतात आणि हप्ता सुरू होण्याच्या दिवशी ते मुद्दलात मिसळतात. म्हणजे घेतले १२ लाख, फेडायला सुरुवात १६ लाख ४१ हजारांपासून.

दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला २२ हजार १०० च्या आसपास हप्ता. पंधरा वर्षं घेतली तर १८ हजार १००, पण एकूण भरणा साडेबत्तीस लाखांच्या वर जातो.

पगार १८, हप्ता १८. यात ती राहणार कुठे आणि खाणार काय?

मी मुलांना याचा उलटा हिशेब करायला सांगते. पुण्यात किंवा एखाद्या एमआयडीसीजवळ तिघींत मिळून खोली, ४ ते साडेचार हजार. डबा किंवा मेस, साडेतीन. येणं-जाणं, फोन, साबण-तेल, कधी डॉक्टर, हे तीन. अकरा हजार असेच जातात, आणि यात सणाला घरी जाणं धरलेलं नाही. १८ हजारांतून उरतात सात, त्यातही पीएफ कापला जातोच. त्यातून महिन्याला पाच, फार तर सहा हजारांचा हप्ता माणूस न कण्हता भरू शकतो. म्हणून माझा ठोकताळा असा: पहिल्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा हप्ता जास्त झाला की ते कर्ज मुलाचं राहत नाही, घराचं होतं.

तुमच्या बाबतीत ते घराचं होणार म्हणजे तुमचं होणार. शैक्षणिक कर्जात सहकर्जदार लागतो. वडिलांना शेतीशिवाय उत्पन्न नसेल तर बँक तुमच्याच पगाराच्या स्लिपा मागेल. तुमची सही झाली की ते कर्ज तुमच्याही सिबिलमध्ये दिसणार. हप्ता सुरू होईल तेव्हा तुम्ही ३१ वर्षांचे असाल, संपेल तेव्हा ४१. मधल्या काळात तुम्ही घरासाठी कर्ज मागायला गेलात की बँक आधी हा हप्ता वजा करून मग तुम्हाला किती झेपेल ते पाहील. बहिणीने एखादा हप्ता चुकवला तर डाग दोघांच्या नावावर. हे तुमच्या घरात कुणी मोठ्याने बोललंय का? तुमच्या लिहिण्यावरून तरी वाटत नाही.

तारणाचंही सांगते, कारण तुम्ही ‘शेत आहे तारणाला’ असं सहज लिहून गेलात. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राच्या हमी योजनेमुळे तारण लागत नाही. त्याच्या वर गेलात की बँक तारण मागते. शेतजमीन बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला घेत नाहीत, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी बँका वापरतात त्या सरफेसी कायद्याखाली शेतजमीन जप्त करून विकता येत नाही. मग राहतं घर. गावठाणातलं घर असेल आणि हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा सोडून दुसरा कागद नसेल तर बँकेचा वकील तेही परत पाठवण्याची शक्यता मोठी.

अशा वेळी विद्यापीठाच्या प्रवेश कक्षात टेबल मांडून बसलेला एजंट मदतीला येतो. बिगर-बँक वित्त कंपनी, तारण नको, चार दिवसांत मंजुरी. व्याज विचारा. १३ टक्के निघालं तर तेच १२ लाख हप्त्याच्या दिवशी साडेसतरा लाख झालेले असतात आणि दहा वर्षांचा हप्ता २६ हजारांवर जातो. शिवाय यातल्या बऱ्याच कंपन्या शिक्षण चालू असतानाच दरमहा व्याज भरायला लावतात.

तुम्हाला एजंटने ‘टॅक्स वाचतो’ असंही सांगितलंय. प्राप्तिकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते हे खरं, आठ वर्षांपर्यंत, फक्त व्याजावर आणि फक्त जुन्या कररचनेत. तुमच्या पगाराला आणि तिच्या पहिल्या पगाराला मुळात करच लागत नाही. जो कर भरायचाच नाही तो वाचणार कसा?

आता एका मुलाची गोष्ट सांगते. नाव-गाव सांगत नाही.

चार वर्षांपूर्वीची मुलाखत, एका जागेसाठी अकरा उमेदवार. मी सगळ्यांसमोर एक प्लेट, म्हणजे जंतू वाढवायची चपटी बशी, ठेवते, टेप लावून बंद केलेली, खरी वाढ असलेली, आणि म्हणते, मोज. कॉलनी, म्हणजे जंतूंचे ठिपके, मोजता येतात की नाही हे मला बघायचं नसतं. बघता बघता मूल काय विचारतं ते बघायचं असतं. बहुतेक जण आकडा सांगून मोकळे होतात. या मुलाने प्लेट उजेडाकडे धरली, कडेला पसरलेली बॅसिलस जातीच्या जंतूंची एक सायीसारखी कॉलनी दाखवली आणि म्हणाला, मॅडम, हिच्या खाली दोन-तीन झाकल्या गेल्या असतील, मी आकडा देईन पण शेरा लिहीन. मग विचारलं, इन्क्युबेशन (प्लेट उबेत ठेवणं) किती अंशांना केलं होतं? त्याचं नाव मी तिथेच कागदावर गोल केलं.

एचआरने १९ हजार सांगितले. तो गप्प बसला. टेबलाखाली फोन काढून काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, मॅडम, माझा हप्ताच १७ आहे. खासगी विद्यापीठात बायोटेक केलेलं, कर्ज काढून. मी वर भांडून दोन हजार वाढवून आणले, तरी जमलं नाही. तो मेडिकल कोडिंगला गेला, २६ हजारांवर. दवाखान्यांची बिलं आणि विम्यासाठी आजारांचे संकेतांक भरायचे, अमेरिकेच्या वेळेनुसार रात्रपाळीत. वाईट काम नाही ते, जीवशास्त्राच्या शेकडो मुलांना त्याने पोटाला लावलंय. पण त्यासाठी १२ लाखांच्या विद्यापीठाची गरज नव्हती, आणि प्लेट उजेडाला धरायची त्याची सवय तिथे कुणाच्या कामाची नाही. दोन वर्षांनी मी त्याला परत विचारलं, तेव्हा त्याचा पगार आमच्या ट्रेनीपेक्षा इतका पुढे गेलेला होता की त्याला परतणं परवडत नव्हतं.

माझं म्हणणं याच्यातूनच आलेलं आहे. बायोलॉजीत पैसा उशिरा येतो. कॉम्प्युटरच्या मुलांसारखा पहिल्याच वर्षी येत नाही. बीएस्सीवर लॅबची दारं अर्धवट उघडतात, एमएस्सीवर बऱ्यापैकी. मग तीन-चार वर्षं काम केलं, चाचण्यांवर सही करण्यासाठी एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, मान्यता नावावर आली, की पगार पस्तीस-चाळीसच्या घरात जातो आणि दुसऱ्या कंपन्या स्वतःहून फोन करायला लागतात. आठ-दहा वर्षांनी, ऑडिटला तोंड द्यायला शिकली असेल तर, साठ-सत्तर. संशोधनाकडे वळली तर आणखी वेगळं. सीएसआयआर-यूजीसीची जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पीएचडीची पहिली दोन वर्षं महिन्याला ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं. म्हणजे जिथे पोचायचं ते ठिकाण बरं आहे, पण तिथवरची सहा-सात वर्षं हलक्या खिशाने काढावी लागतात. कर्ज नेमकं त्याच वर्षांत हप्ता मागतं.

ऑनर्सनंतर एमएस्सी एका वर्षात होईल असं तुम्ही लिहिलंय. नव्या शैक्षणिक धोरणात तसं आहे, खरं. पण त्या वर्षाचे पैसे कुठून आणणार? तारणाचं घर आधीच बँकेत अडकलेलं. ती एमएस्सीला गेली म्हणून बँक जुन्या कर्जाचा हप्ता न भरण्याची सवलत वाढवेलच असं नाही. काही बँका अर्ज घेऊन वाढवतात, पण व्याज तर चढतच राहणार.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते: या क्षेत्रात कर्ज पहिल्या पायरीवर खर्च करू नका, वरच्या पायरीसाठी राखून ठेवा.

त्याचा हिशेब असा. बहीण तीन वर्षं घरून ये-जा करून बीएस्सी करते. इथे एक गोष्ट मात्र प्रवेशाआधी विचारा. कॉलेज अनुदानित असलं तरी मायक्रोबायोलॉजीची तुकडी बऱ्याचदा विनाअनुदानित असते. अनुदानित तुकडीची फी वर्षाला काही हजारांत असते, विनाअनुदानित तुकडीची २५-३० हजारांपर्यंत जाते. दुसरी निघाली तरी तीन वर्षांत लाखाच्या आत. मग एमएस्सी पुण्याला किंवा मुंबईला, विद्यापीठाच्या विभागात किंवा चांगल्या अनुदानित कॉलेजात. राहणं-खाणं आणि फी मिळून दोन वर्षांचे साडेतीन लाख धरा. त्यातले ३ लाख कर्ज. ४ लाखांच्या आत असल्यामुळे ना तारण, ना पदरची रक्कम घालण्याची अट. व्याज मिसळून हप्त्याच्या दिवशी पावणेचार-तीन लाख ऐंशी हजार होतील. सात वर्षांचा हप्ता ६ हजार ४००, पाच वर्षांचा ८ हजार १००. एमएस्सीच्या २२ हजारांत सात वर्षांचा हप्ता बसतो. तोही स्वतःच्या खिशातून, भावाकडे न बघता.

दोन्ही वाटांना वर्षं पाचच लागतात, हेही बघा.

आता दुसरी बाजू, कारण खासगी विद्यापीठ म्हणजे लूट असं मी म्हणत नाही. लॅब चांगल्या असतात. तालुक्याच्या कॉलेजात मी स्वतः पाहिलंय, वीस मुलांत एक मायक्रोस्कोप, आणि वाफेने सगळं निर्जंतुक करणारं यंत्र, ऑटोक्लेव्ह, म्हणजे गॅसवर ठेवलेला मोठा कुकर. गंमत अशी की त्या कुकरवाल्या मुलींना १२१ अंश आणि १५ मिनिटं म्हणजे काय ते नीट माहीत असतं, कारण शिट्टीकडे डोळे लावून त्या स्वतः उभ्या राहिलेल्या असतात. जीन एडिटिंगवर सुंदर प्रेझेंटेशन करणारा पण ऑटोक्लेव्हचं झाकण कधी न उघडलेला मुलगाही मी पाहिलाय. तरीसुद्धा इंग्रजी बोलणं, चांगले शिक्षक, वरच्या वर्गातल्या मुलांची सोबत, हे सगळं मोठ्या ठिकाणी मिळतं आणि त्याची किंमत शून्य नाही. माझ्या मते ती १४ लाख नाही, एवढंच.

काही परिस्थितींत माझं उत्तर बदलेल. विद्यापीठाने अर्धी-अधिक फी माफ केली, तीही चारही वर्षांसाठी आणि लेखी, तर पुन्हा हिशेब करू. नुसती पहिल्या वर्षाची सवलत ही दुकानदारी आहे. पैसे घरचेच असतील, शेत-घर न अडकवता, तर तो तुमच्या आवडीचा प्रश्न. संस्था आयसर, नायसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांच्या तोडीची असेल तर मी कर्ज काढा म्हणेन आणि वर शाबासकीही देईन. तिथे मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या बऱ्याच मुलांना वर्षाला ८० हजारांपर्यंतची शिष्यवृत्तीही मिळते. तुमच्या उत्पन्नात सरकारी मदत बसते का, तेही पाहाच. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली ती, ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सरकार भरतं. पण संस्थांची यादी ठरलेली आहे. तुमचं विद्यापीठ त्यात आहे का, हे एजंटला न विचारता पोर्टलवर स्वतः बघा. आणि राज्य सरकारने २०२४-२५ पासून मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची जी फी माफी दिली ती खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. ‘मुलींना सगळं फुकट आहे’ असं कुणी म्हणालं असेल तर ते अर्धं ऐकलेलं आहे.

त्याच माफीवरून आठवलं. तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बायोलॉजी ग्रुपवर बी. फार्मसी होते, राज्याची सीईटी आणि कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीतून. तुम्ही लागू असलेल्या प्रवर्गात असाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर तिथे मुलीची शिक्षण फी माफ होऊ शकते. कृषी विद्यापीठाची बीएस्सी ॲग्रीही आहे. त्यातून कृषी सेवेच्या आणि बँकांतल्या कृषी अधिकाऱ्याच्या परीक्षा देता येतात. तीन एकरवाल्या घरातल्या मुलीला ते बायोटेकपेक्षा परकं वाटायचं कारण नाही. या वर्षीची सीईटी दिलीच नसेल तर हा विषय सोडा.

बायोटेक की मायक्रो, हा तुमचा उपप्रश्न. नाव बायोटेकचं मोठं आहे, नोकऱ्या मायक्रोच्या जास्त आहेत. आमच्याकडे क्वालिटी कंट्रोलमध्ये मायक्रोबायोलॉजिस्ट लागतोच. पाणी, हवा, कच्चा माल, तयार औषध, सगळ्याची तपासणी तोच करतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत दोन्ही विषय बसतात. ज्युनिअर कॉलेजात शिक्षिका व्हायचं असेल तर मात्र आधीच सावध व्हा: बायोलॉजीच्या जागेसाठी बहुतेक जाहिराती बॉटनी किंवा झूलॉजी मागतात, आणि बायोटेक झालेल्या मुलींना हे बीएड झाल्यावर कळतं.

तालुक्याच्या कॉलेजात घातलं आणि सोडून दिलं, असं मात्र करू नका. वाचलेल्या पैशातले पन्नास-साठ हजार तीन वर्षांत तिच्यावर मुद्दाम खर्च करा. दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत एखाद्या टेस्टिंग लॅबमध्ये महिनाभर प्रशिक्षण. एक्सेल, आणि इंग्रजीत रोज एक पान लिहिणं. आमच्या कामात अर्धा दिवस लिहिण्यात जातो आणि जे लिहिलं नाही ते केलंच नाही असं धरतात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना संशोधन फेलोशिप देतात, तिला अर्ज करायला लावा. तिसऱ्या वर्षी एमएस्सीच्या प्रवेशपरीक्षा: आयआयटींसाठी जॅम, जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीवर चालणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी गॅट-बी. गॅट-बीतून जागा मिळाली तर वर विद्यावेतनही असतं. कुठल्याही कॉलेजची मुलगी या परीक्षांना बसू शकते.

तरीही घरच्यांचा खासगी विद्यापीठावरच जीव असेल, तर पैसे भरण्याआधी तिथे तीन गोष्टी लेखी मागा. गेल्या बॅचच्या किती मुलांपैकी किती जणांना नोकरी लागली; कुठल्या पदावर, कारण ‘लाइफ सायन्स कंपनी’त विक्रीचं कामही असतं; आणि पॅकेजचा मधला आकडा काय, म्हणजे सगळे पगार ओळीने मांडले तर बरोबर मध्ये येतो तो. सगळ्यात वरचा नको. तिथून पास झालेल्या दोन मुलींशी, विद्यापीठाने न निवडलेल्या, फोनवर बोला. कर्ज काढलंच तर निदान हप्ता सुरू होईपर्यंत व्याज भरत राहा: पहिल्या वर्षी महिन्याला २ हजार ६२५, दरवर्षी तेवढीच भर पडून चौथ्या वर्षी साडेदहा हजार, आणि शिक्षणानंतरच्या वर्षीही तेवढेच. मग १२ चे १२ च राहतात आणि दहा वर्षांचा हप्ता १६ हजार २०० वर येतो. बऱ्याच बँका असं करणाऱ्याला व्याजात एक टक्का सूटही देतात. पण चौथ्या वर्षी तुमच्या ३२ हजारांतून साडेदहा जातील हे आज कागदावर लिहून बघा.

शेवटी, सीट धरून ठेवायला २५ हजार याच आठवड्यात भरायचे आहेत म्हणता. प्रवेश रद्द केला तर त्यातले किती परत आणि कुठल्या तारखेपर्यंत, हे ईमेलवर विचारा. यूजीसीचे परतावा नियम दरवर्षी येतात, विद्यापीठाला ते माहीत असतात. फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाले तर भरू नका.

आणि एक. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात तुमचा पगार आहे, वडिलांचं शेत आहे, आईच्या पाटल्या आहेत, शेजारच्या मुलाचं पॅकेज आहे. बहिणीला काय वाटतं ते एका ओळीतही नाही. आमचं काम म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत गाऊन चढवून, हातमोजे घालून, तासन्‌तास न बोलता प्लेटा लावणं. काही चाचण्यांचा निकाल कळायला चौदा दिवस थांबायचं, आणि चौदाव्या दिवशी काहीही उगवलं नाही तर खूश व्हायचं. हे ऐकून तिचे डोळे चमकतात की तिला जांभई येते, ते आज रात्री फोनवर विचारून बघा आणि मला कळवा. जांभई आली तर वरचा सगळा हिशेब आपल्याला नव्याने मांडावा लागेल.